पखवाज माळ्यावर टाकू नका

प्रश्न : माझे यजमान ५८ वर्षांचे, गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. चार महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात लुळा पडला. आता पेज वाढली तरी हमसून रडतात आणि परवा शेजारी मयताच्या घरी हसत सुटले. मन खचलं का त्यांचं?
– एक भगिनी, म्हार्दोळ

उत्तर : ताई, माझ्या वडिलांचंही असंच झालं होतं. टीव्हीवर बातम्या लागल्या की डोळ्यांना धार, आणि मी "बाबा, रडू नका" म्हणत बसायचे. ते चुकलंच माझं. हसण्यारडण्यावरचा मेंदूचा ताबा पक्षाघाताच्या झटक्याने सुटू शकतो. आत दुःख नसतानाही रडू फुटतं आणि थोड्या वेळात ओसरतं. तेव्हा विषय बदला, पाण्याचा पेला हातात द्या. यावर औषधंही आहेत, डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

मात्र दोन आठवडे झोप, भूक, भजनाची ओढ सगळंच गेलं असेल तर ते नैराश्य. झटका आलेल्या साधारण तिघांपैकी एकाला ते गाठतं आणि उपचारांनी हटतं. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. तोवर १४४१६ या 'टेली-मानस' सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोन करा, मोफत आहे.

आणि पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडाच्या चामड्याला, कणीक लावायला त्यांनाच सांगा. डावा हात शाबूत आहे ना?