वाचकांचे प्रश्न : पोप फ्रान्सिस यांच्या निधनानंतर

२१ एप्रिल २०२५ रोजी, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पोप फ्रान्सिस यांचे व्हॅटिकनमध्ये निधन झाले. त्यांच्या जागी ८ मे रोजी लिओ चौदावे निवडून आले, तरी त्या निधनावर आपल्याकडे जे बोलले गेले त्याविषयीची पत्रे या स्तंभाकडे अजून येत आहेत. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. लेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : पोप गेल्याची बातमी आली त्या संध्याकाळी आम्हा निवृत्त मंडळींच्या बागेतील बैठकीत एकाने हात जोडले, दुसरा ‘धर्मांतरवाल्यांचा म्होरक्या गेला’ असे म्हणाला आणि तिसऱ्याने चर्चमध्ये लहान मुलांवर झालेल्या अत्याचारांचा विषय काढला. मी ‘मरणान्तानि वैराणि’ म्हणून दोघांनाही गप्प केले. घरी आल्यावर मात्र वाटू लागले, की तिसऱ्याला गप्प करायला नको होते. माझे चुकले का?
— एक निवृत्त प्राध्यापक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : आपण ज्या वचनाचा आधार घेतलात ते कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले, हे आधी पाहू. युद्धकांडात रावण पडल्यावर बिभीषण त्याचे अंत्यसंस्कार करायला कचरतो, आणि राम त्याला सांगतो, की वैर मरणापाशी संपते, आपले काम झाले आहे, आता याचे संस्कार कर. परंतु त्याच संवादात राम रावणाला अधर्माने आणि असत्याने वागलेला असेही म्हणतो, आणि तेवढ्याच मोकळेपणाने तेजस्वी, बलवान व शूर असेही म्हणतो. म्हणजे वैर संपते, संस्कार होतात, आणि दोष व गुण दोन्ही बोलले जातात. ‘गेलेल्याविषयी वाईट बोलू नये’ हा जो अर्थ आपण त्या वचनाला चिकटवला आहे, तो त्यात नाही. (पोपची तुलना रावणाशी केली, असे पत्र कृपया कोणी पाठवू नये.)

हे लक्षात घेतले, की आपल्या बैठकीतील ते दोन आवाज एकाच मापाने मोजता येत नाहीत. तिसऱ्या गृहस्थांनी जे काढले तो वैराचा नव्हे, हिशेबाचा विषय होता, आणि तो हिशेब ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी स्वतःच मांडलेला आहे. फ्रान्सिस जानेवारी २०१८ मध्ये चिलीला गेले असताना, एका बिशपवर आरोप करणाऱ्या पीडितांचे म्हणणे त्यांनी ‘निंदानालस्ती’ म्हणून झटकून टाकले होते. त्यावर जो संताप उसळला त्यानंतर त्यांनी चौकशीसाठी माणसे पाठवली, एप्रिलमध्ये आपल्या हातून गंभीर चुका झाल्याचे पत्राने कबूल केले, आणि मे महिन्यात चिलीच्या सर्व बिशपांनी राजीनामे त्यांच्यापुढे ठेवले. पुढच्याच वर्षी अशा प्रकरणांची माहिती बाहेर जाऊ न देणारे ‘पोपच्या गुप्तते’चे कुलूपही त्यांनी काढले. त्यामुळे त्यांच्या निधनानंतर पीडितांच्या संघटनांकडून दोन्ही प्रकारचे बोल ऐकू आले : या पोपने आमचे ऐकून घेतले, आणि जेवढे करता आले असते तेवढे केले नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या तोंडून एकाच दिवशी आल्या तर त्यात विसंगती कसली? ज्याचे बालपण नासले त्याला ‘आजचा दिवस तरी थांब’ असे सांगणारे आपण कोण, असे मला वाटते.

दुसऱ्या गृहस्थांची गोष्ट निराळी. धर्मांतर हा आपल्याकडे वादाचा विषय आहे आणि तो कोणी काढू नये असे मी म्हणणार नाही. पण त्यांचा बाण भलत्याच झाडाला लागला आहे. मार्च २०१९ मध्ये मोरोक्कोत बोलताना याच पोपने तेथील धर्मगुरूंना व धर्मभगिनींना बजावले होते, की चर्च वाढते ते ओढा निर्माण झाल्याने, माणसे ओढून आणल्याने नव्हे. आणि अशा बोलण्यामुळे त्यांच्याच घरातील कर्मठ मंडळी त्यांच्यावर नाराज होती. जुन्या पद्धतीच्या लॅटिन मिस्सावर, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनाविधीवर, त्यांनी जुलै २०२१ मध्ये निर्बंध घातले, डिसेंबर २०२३ मध्ये समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याची वाट मर्यादित स्वरूपात खुली केली, आणि या दोन निर्णयांनी दुखावलेले कॅथलिक त्यांच्या निधनानंतर गप्प राहिले किंवा कोरड्या शब्दांत प्रार्थना करून मोकळे झाले. म्हणजे एकाला जो फार ख्रिस्ती वाटला, तोच दुसऱ्याला पुरेसा ख्रिस्ती वाटला नाही.

संमिश्र प्रतिक्रिया बागेतल्या बाकांपुरत्याच होत्या असेही नाही. अर्जेंटिनाचे अध्यक्ष हाव्हियेर मिलेई यांनी सत्तेवर येण्यापूर्वी आपल्याच देशाच्या या पोपना पृथ्वीवरील सैतानाचा प्रतिनिधी म्हटले होते. नंतर व्हॅटिकनला जाऊन ते त्यांच्या गळ्यात पडले, आणि निधनानंतर आमचे मतभेद आज क्षुल्लक वाटतात असे म्हणून त्यांनी सात दिवसांचा दुखवटा जाहीर केला. इस्रायलच्या परराष्ट्र खात्याने श्रद्धांजलीचा मजकूर प्रसिद्ध केला आणि काही तासांतच तो काढून टाकला, कारण गाझातील युद्धाविषयी हे पोप जे बोलत आले होते ते तेथील अनेकांना रुचलेले नव्हते. तर त्याच गाझातील एकमेव कॅथलिक चर्चमध्ये, जेथे ते युद्ध सुरू झाल्यापासून रोज संध्याकाळी फोन करत, लोक घरचे माणूस गेल्यासारखे रडले. खुद्द इटलीत सरकारने पाच दिवसांचा दुखवटा पाळला आणि त्यातच फॅसिस्ट व नाझी सत्तेतून सुटकेचा २५ एप्रिलचा मुक्तिदिन आला, तोही ८० वा. तो ‘संयमाने’ साजरा करा, असे एका मंत्र्याने सांगताच फॅसिस्टविरोधी परंपरा मानणारे लोक चिडले, की पोपच्या आडून आमचा सण आवरता घेतला जात आहे. यात पोपविषयी राग नव्हता, सरकारविषयीचा संशय होता. कित्येकदा मृत्यूवरची प्रतिक्रिया ही मृताविषयी नसतेच.

आणि हे आजचे आहे असेही समजू नये. पोप पायस नववे १८७८ साली गेले. त्यांचा देह १८८१ च्या जुलैमध्ये रात्रीच्या वेळी दुसऱ्या चर्चमध्ये हलवला जात असताना रोममधील एका जमावाने शवपेटी टायबर नदीत फेकण्याचा प्रयत्न केला. याउलट पायस बारावे १९५८ मध्ये गेले तेव्हा इस्रायलच्या तत्कालीन परराष्ट्रमंत्री गोल्डा मेयर यांनीही त्यांना आदरांजली वाहिली होती. यहुद्यांच्या संहाराच्या काळात ते गप्प का राहिले, हा प्रश्न पुढच्या काही वर्षांत पेटला आणि त्यांच्या कारकिर्दीची कागदपत्रे अभ्यासकांना मार्च २०२० मध्ये खुली झाली, तरी तो शमलेला नाही. जॉन पॉल दुसरे यांच्या २००५ मधील अंत्यविधीत ‘यांना लगेच संत करा’ असे फलक झळकले, २०१४ मध्ये ते संत झालेही. पण २०२० मध्ये व्हॅटिकनच्याच एका अहवालातून दिसले, की एका अमेरिकी धर्माधिकाऱ्याविरुद्ध आलेल्या इशाऱ्यांकडे त्यांनी दुर्लक्ष करून त्याला बढती दिली होती. आपल्याकडे ‘मेलेल्या म्हशीला मणभर दूध’ म्हणतात ती म्हण जरा उद्धट आहे खरी, पण मरणाच्या आठवड्यात मोजलेल्या दुधाचा भरवसा धरू नये, एवढे ती नक्की सांगते.

तेव्हा प्राध्यापकसाहेब, आपले अर्धे चुकले. ज्यांनी हात जोडले त्यांच्या शेजारी बसून तिसऱ्यांना आपला मुद्दा मांडता आला असता. दुसऱ्यांना आपण थांबवलेत ते बरे केलेत. मात्र त्यासाठी रामायणापर्यंत जायची गरज नव्हती, ‘हे आपल्याला माहीत नाही’ एवढे पुरले असते.

प्रश्न : पोपसाठी भारत सरकारने तीन दिवसांचा दुखवटा पाळून तिरंगा अर्ध्यावर आणला. एका धर्माच्या प्रमुखासाठी हे का? आणि २२ एप्रिलला पहलगाममध्ये २६ माणसे मारली गेली, त्यांत आमच्या इंदूरचाही एक माणूस होता. झेंडा मात्र पोपसाठी उतरलेला होता, हे पाहून फार वाईट वाटले.
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आपले दुःख रास्त आहे, पण घटनाक्रम आपण समजता तसा नाही. दुखवट्याची घोषणा पोपच्या निधनाच्या दिवशी, २१ तारखेलाच झाली होती : २२ आणि २३ एप्रिल, तसेच अंत्यविधीचा दिवस. पहलगामचा हल्ला २२ तारखेच्या दुपारी झाला, तेव्हा ध्वज सकाळपासूनच अर्ध्यावर होता. एका शोकाने दुसऱ्याची जागा घेतली असे झाले नाही. दोन शोक एकाच दिवशी एकमेकांवर आदळले. इंदूरमध्ये त्या आठवड्यात लोक ज्या घरी समाचाराला जात होते ते घर रोमपासून फार लांब होते, आणि मनाचे तराजू तसेच झुकणार, हे स्वाभाविक आहे.

आता ‘धर्मप्रमुखासाठी का’ याविषयी. पोप हे कॅथलिकांचे प्रमुख आहेतच, परंतु १९२९ च्या लॅटरन करारापासून ते व्हॅटिकन सिटी या राज्याचेही प्रमुख आहेत. हे राज्य क्षेत्रफळाने अर्धा चौरस किलोमीटरही भरत नाही, तरी पोपच्या धर्मपीठाशी भारताचे राजनैतिक संबंध १९४८ पासून आहेत. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू २६ एप्रिलच्या अंत्यविधीला गेल्या त्या भारताच्या राष्ट्रप्रमुख म्हणून. दुखवटा तीन दिवसांचा असावा की एकाच दिवसाचा, यावर मतभेद असू शकतो, आणि हे पोप एकदाही भारतात आले नाहीत हेही खरे आहे, निमंत्रण असूनही. फक्त तो दुखवटा कोणा एका धर्माला दिलेला मान होता, असे म्हणता येत नाही.

प्रश्न : माझ्या शेजारच्या ख्रिस्ती बाई पांढऱ्या चर्चमध्ये जातात. मी त्यांना भेटून पोपविषयी दुःख व्यक्त केले, तर त्या हसून म्हणाल्या, ‘वहिनी, ते आमचे नव्हेत.’ मला फार ओशाळल्यासारखे झाले. ख्रिस्ती लोकांतही असे असते का?
— एक गृहिणी, इंदूर

उत्तर : असते, आणि आपल्या शहरात तर ते रंगावरून ओळखता येते. पांढरे चर्च हे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, म्हणजे प्रोटेस्टंट परंपरेतील. तेथे पोपची सत्ता मानली जात नाही. लाल चर्च कॅथलिकांचे. कॅनडातून आलेल्या ज्या मिशनने १८८७ मध्ये येथे ख्रिश्चन कॉलेज काढले, तेही प्रोटेस्टंटच. त्यामुळे पोप गेल्यावर आपल्या शेजारीण बाईंना जितके वाटले, तितकेच कदाचित आपल्यालाही वाटले असेल. ओशाळू नका, दुसऱ्या पीठाचे शंकराचार्य गेले म्हणून कोणी आपल्याकडे आले असते तर आपण त्याला चहाच दिला असता.

लाल चर्चचे मात्र या पोपशी दुहेरी नाते आहे. ते असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या नावाचे कॅथेड्रल आहे, आणि अर्जेंटिनाच्या होर्हे मारिओ बेर्गोलिओ यांनी २०१३ मध्ये पोप होताना त्याच संताचे नाव घेतले, जे त्यांच्याआधी कोणत्याही पोपने घेतले नव्हते. दुसरे नाते अधिक जवळचे आहे. देवास जिल्ह्यातील उदयनगर भागात आदिवासी शेतमजुरांमध्ये, सावकारीच्या विरोधात काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांना २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला येणाऱ्या बसमध्ये चाकूने भोसकून मारण्यात आले. पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्येच त्यांना ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित करण्यात आले. त्यांना मारणाऱ्याला त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही धर्मभगिनीच, तुरुंगात जाऊन राखी बांधली होती. आपल्या गावातील कॅथलिकांना पोप गेल्याचे दुःख झाले असेल तर त्यात या गोष्टीचाही वाटा आहे, आणि भेटायचेच असेल तर लाल चर्चकडच्या कोणाला भेटावे.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या हस्तलिखितात पोपना श्रद्धांजली वाहताना एका विद्यार्थ्याने ‘कै. पोप फ्रान्सिस’ असे लिहिले, दुसऱ्याने ‘ब्रह्मलीन’. हे बरोबर आहे का?
— एक शिक्षिका, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : दोन्ही खोडावेत. कैलासवासी होण्यासाठी कैलासावर श्रद्धा लागते, आणि ब्रह्मात लीन होणे ही कल्पनाही त्यांची नव्हे. मराठीने याबाबतीत पूर्वीच सोय करून ठेवली आहे : वैष्णवांसाठी वैकुंठवासी, मुसलमानांसाठी पैगंबरवासी आणि ख्रिस्ती माणसासाठी ख्रिस्तवासी. यांतला शेवटचा शब्द मराठी ख्रिस्ती कुटुंबांत निधनाच्या पत्रिकेवर आजही छापला जातो. हस्तलिखितात ‘ख्रिस्तवासी’ लिहिले तर उत्तम, साधे ‘निधन झाले’ लिहिले तरी चालेल. नावामागे कोणतेच विशेषण नको वाटल्यास तेही त्यांच्या मनाजोगेच होईल, कारण रोममधील सांता मारिया माज्जोरे या चर्चमधल्या त्यांच्या थडग्यावर, त्यांच्या मृत्युपत्रातील सूचनेप्रमाणे, ‘फ्रान्सिस्कुस’ एवढेच कोरलेले आहे.