केशवरावच्या भिंतीला हात लावून बघ

अगं, तुझा मेसेज वाचला, जुन्या नाट्यगृहाच्या रिस्टोरेशनचं पहिलंच काम मिळालंय म्हणून, लई बरं वाटलं. फोनवर दोन मिनिटांत उरकण्यासारखं नाही हे, म्हणून लिहितोय.

सुरुवात आपल्या कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहापासूनच करतो, मला या कामाचं वेड तिथंच लागलं. शाहू महाराज १९०२ ला युरोपला गेले, तिकडची थिएटरं बघून आले, १९१३ ला काम काढलं आणि १९१५ ला पॅलेस थिएटर उभं केलं, ते पण खासबागेला खेटून, म्हणजे भिंतीच्या अलीकडं संगीत नाटक आणि पलीकडं कुस्तीची लाल माती. गायक-नट केशवराव भोसल्यांचं नाव त्याला १९५७ ला दिलं. आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती गं. छप्पर गेलं, स्टेज गेलं, लाकडाचा कोळसा झाला, बाहेर माणसं रडत होती.

तर आता तुझं काम. एक गोष्ट पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेव, ही थिएटरं बांधली तेव्हा माईक नव्हता. नटाचं पद शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत नुसत्या गळ्यातून पोचायचं, म्हणून छताची उंची, लाकूड, भिंतीचा गिलावा, सगळं त्या आवाजासाठीच आहे. तू नुसतं दिसायला जुनं ठेवलंस आणि आवाज मारलास तर काय उपयोग? रिकाम्या हॉलमध्ये स्टेजच्या मधोमध उभी राहून एक टाळी वाजव आणि मागच्या रांगेत कुणाला तरी बसवून साधं बोल, मग विंगेजवळ जाऊन परत बोल. हे काम सुरू व्हायच्या आधी कर आणि रेकॉर्ड करून ठेव. आग लागलेल्या ठिकाणी हे जमणार नाही, तिथं जुने फोटो, जुनी मापं आणि ज्यांनी तिथं तीस-तीस वर्षं पडदा ओढलाय ती माणसं, एवढाच आधार. बॅकस्टेजवाल्यांना चहाला बस म्हण, वही घेऊन. कुठली फळी करकरते, प्रॉम्प्टर कुठं उभा राहिला की नटाला ऐकू जातं आणि प्रेक्षकाला नाही, हे ड्रॉइंगमध्ये कुठंच नसतं.

भिंतींची घाई करू नकोस. आग विझवताना जे पाणी मारतात ते जाड दगडी भिंतीत मुरतं, महिनोन्महिने वाळत नाही. भिंतीला तळहात लावून बघ, गारवा कळतो. मी एका गावात बघितलंय, ठेकेदाराला उद्घाटनाची तारीख गाठायची होती, चुन्याच्या भिंतीवर सरळ सिमेंटचं प्लास्टर मारलं, पुढच्या पावसाळ्यात पापुद्रे सुटायला लागले आणि आतून क्षार बाहेर आले. मी तेव्हा साइटवर होतो आणि जोरात बोललो नाही, ते अजून सलतं. चुना श्वास घेतो, सिमेंट ओल कोंडून ठेवतं, हे मीटिंगमध्ये दहा वेळा सांगावं लागलं तरी सांग.

जळकं सागवान सरसकट फेकू देऊ नकोस. वरचा कोळसा खरवडला की आत बऱ्याचदा गाभा टणक निघतो, टोचून बघायचं, आत किती चांगलं उरलंय ते मोजायचं. भार घेणार नसेल तर निदान जोड कसा केलेला ते कळतं. प्रत्येक तुकड्याला नंबर आणि फोटो.

वायरिंग, स्प्रिंकलर, आगीला न जुमानणारे पडदे, यात मात्र जुनेपणाचा हट्ट अजिबात नको, ते सगळं नवं आणि पक्कं. एसीचा आवाज नाटकाच्या शांत सीनला ऐकू येता कामा नये, हे टेंडरमध्येच लिहून घे. आणि खुर्च्या गादीच्या घे, माणूस जेवढा आवाज शोषतो साधारण तेवढाच रिकामी गादीची खुर्ची शोषते, म्हणजे तालमीत आणि हाऊसफुलला हॉल फार वेगळा वाजत नाही.

जुन्या गिलाव्याचा मूठभर तुकडा पिशवीत घालून शनिवारी घेऊन ये. त्यात वाळू किती आणि चुना किती ते आपण दोघं बसून बघू.