एक्स-रे संगणकाने वाचला, जबाबदार कोण?

“माझा रिपोर्ट माणसाने पाहिलाच नाही, मग त्यावर विसंबायचे कसे?” हा प्रश्न रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक माझ्याकडे इतक्यांदा मांडतात की त्याचे उत्तर एकदा लिहूनच काढावे असे वाटले.

एका निवृत्त शिक्षिकेच्या छातीचा एक्स-रे तपासणी शिबिरात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने वाचला आणि क्षयरोगाचा संशय नोंदवला. त्यांनी थुंकीची तपासणी करायला साफ नकार दिला आणि “संगणक चुकत नाही” म्हणणाऱ्या मुलाशी अबोला धरला. क्षयरोगाच्या प्राथमिक चाळणीसाठी १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींचे एक्स-रे असे वाचण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे, आणि खात्री करण्यासाठीच थुंकी तपासतात, हे मी सांगून पाहिले. उपयोग झाला नाही.

पुढच्या एका भेटीत मी विचारले, “काकू, हेच डॉक्टरांनी सांगितले असते आणि ते चुकले असते, तर?”

“तर समोर बसून जाब विचारला असता.”

“आणि इथे?”

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. “इथे विचारायचे कोणाला, मॅडम? शिबिरातल्या त्या मुलाने स्क्रीन दाखवली आणि पुढच्या बाईला हाक मारली.”

अचूकतेचे पुरावे त्यांच्यापर्यंत का पोहोचत नव्हते, हे मला त्या क्षणी उमगले. तत्त्वज्ञ ॲनेट बायर यांनी १९८६ मध्ये मांडलेला भेद मी नेहमी जवळ बाळगते: ज्यावर आपण नुसते विसंबतो ते बिघडले तर निराशा होते, पण ज्याच्यावर विश्वास टाकतो तो आपला विश्वासघात करू शकतो. एक्स-रे वाचणारी प्रणाली पहिल्या प्रकारात मोडते. विश्वास मागायचा तर तो माणसानेच मागायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

शंका घेणे अडाणीपणाचेही नाही. अमेरिकेत वापरात असलेली एक संगणकीय प्रणाली रुग्णांची आरोग्यसेवेची गरज त्यांच्या उपचारांवरील खर्चावरून मोजत होती. कृष्णवर्णीय रुग्णांवर खर्चच कमी होत असल्याने ते अधिक आजारी असूनही मदत मिळण्यात मागे पडत होते, हे २०१९ मध्ये उघड झाले. “म्हणजे उत्तरपत्रिका चुकीच्या निकषावर तपासल्या,” हे सांगितल्यावर काकू लगेच म्हणाल्या.

म्हणून तपासणी लांबणीवर न टाकता डॉक्टरांना निःसंकोच विचारावे की हे वाचन कोणी पडताळले, ते चुकले असेल तर कोणत्या तपासणीत कळेल, आणि पुढच्या निर्णयाची जबाबदारी कोणाची. काकूंनी हेच विचारले. डॉक्टरांनी एक्स-रे समोर ठेवून समजावला, आणि त्यांनी थुंकीचा नमुना दिला. त्यांच्या मुलाला मी नंतर वेगळे बोलावले, कारण हे प्रश्न त्याला एकदाही पडले नव्हते.