गाण्यावर प्रश्न आला तर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

आयल्ट्सच्या, म्हणजे परदेशी जाण्यासाठीच्या त्या इंग्रजीच्या परीक्षेच्या, बोलण्याच्या सरावाची तुझी दोन्ही रेकॉर्डिंग ऐकली. आधी पोळ्या लाटता लाटता, मग नीट कान देऊन. इंग्रजीची काळजी करू नकोस, ते बरंच सुधारलंय. मला खटकलं ते वेगळंच. 'तुला गायला आवडतं का?' एवढ्याशा प्रश्नावर तू पाऊण मिनिट बोललीस. संगीत ही साऱ्या जगाची भाषा, गाण्याने मनावरचा ताण उतरतो, लतादीदींना २००१ साली भारतरत्न मिळालं. सगळं बरोबर, पण त्यात तू कुठेच नाहीस. क्लासच्या झेरॉक्सचा वास मला इतक्या लांबून आला, तर दिवसभर तीच तीच उत्तरं ऐकणाऱ्या परीक्षकाला येणार नाही?

आणि तू कोण? रोज सकाळी लेडीज डब्यात भजनाला टाळ धरणारी. मुलुंडला चढतेस आणि दादर येईपर्यंत घसा मोकळा झालेला असतो. त्यातला एक शब्द रेकॉर्डिंगमध्ये नाही. फोनवर विचारलं तर म्हणालीस, "ते काय सांगायचं मावशी, ते आपलं ट्रेनमधलं." अगं, तेच सांगायचं!

आयल्ट्सच्या बोलण्याच्या परीक्षेचा हिशेब एकदा पक्का डोक्यात बसव. सगळं मिळून ११ ते १४ मिनिटं. पहिल्या भागात ४-५ मिनिटं घर, काम, आवडीनिवडी, आणि 'गायला आवडतं का' छापाचे प्रश्न बहुतेक इथेच येतात. दुसऱ्या भागात एक कार्ड हातात मिळतं, विचार करायला १ मिनिट आणि बोलायला १ ते २ मिनिटं. तिसऱ्या भागात त्याच विषयाला धरून जरा खोल चर्चा, पुन्हा ४-५ मिनिटं. गुण चार गोष्टींना, चारही सारख्या वजनाच्या: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. यात सामान्यज्ञान नाही, गळ्यातला गोडवाही नाही. ब्रिटनच्या नर्सिंग नोंदणीसाठी तुला बोलण्यात ७ बँड, म्हणजे तिथले गुण, हवेत, ते लतादीदींच्या पुरस्कारांवर मिळायचे नाहीत. उलट पाठांतर ओळखू आलं की परीक्षक प्रश्न फिरवू शकतो, आणि पाठ केलेलं संपल्यावर तू जशी बोलतेस त्यावरच तुझी पारख होते.

पहिल्या भागात दोन-तीन वाक्यं पुरेत. फक्त त्यातलं एक असं असू दे की ते तुझ्याशिवाय दुसरं कुणी बोलूच शकणार नाही. तू मला मराठीत सांगितलंस ते आठव. "आवडतं, पण एकटीने नाही. ट्रेनमध्ये आम्ही दहा-बारा जणी भजनं म्हणतो. पट्टी फार वर गेली की मी नुसते ओठ हलवते." मला हसू आलं, परीक्षकालाही येईल. 'व्हेन द नोट्स गो टू हाय, आय जस्ट मूव्ह माय लिप्स.' या वाक्यात अवघड शब्द एकही नाही. तरी जोडवाक्य आहे, क्रियापदं चोख आहेत आणि ते अडखळत येणार नाही, कारण ते घडलेलं आहे.

ज्याला गाता येत नाही त्याचंही यात काही अडत नाही, हे तुझ्या त्या मैत्रिणीला सांग. ती उगाच घाबरलीय. 'मला सूर धरता येत नाही, शाळेत समूहगीतात बाई मला मागच्या रांगेत उभं करायच्या' हे फर्मास उत्तर आहे. गायला आवडतं असं खोटं बोलून पुढचे चार प्रश्न ओढवून घेण्यापेक्षा कितीतरी बरं.

'गाणं शिकलीस का?' यावर तुझी गाडी रुळावरून घसरली. तू म्हणालीस 'आय गेव्ह प्रारंभिक एक्झाम'. एक तर इंग्रजीत परीक्षा 'टूक' होते. आणि प्रारंभिक म्हणजे काय हे समोरच्याला कसं कळावं? गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आपल्याकडे गल्लोगल्लीच्या मुलांनी दिलेल्या असतात, त्याच्या कानावर तो शब्द आला असेलच असं नाही. 'अ बिगिनर्स एक्झाम इन हिंदुस्तानी क्लासिकल सिंगिंग' म्हण आणि पुढे चल. असंच भजनाचं, असंच टाळाचं. मराठी शब्द बेलाशक वापर, पण त्याच्या पाठोपाठ पाच-सहा शब्दांत तो उलगड. टाळ म्हणजे 'अ पेअर ऑफ स्मॉल ब्रास सिंबल्स'. त्याहून लांब समजावत बसलीस तर मूळ उत्तर बाजूलाच राहील.

आणखी दोन गोष्टी कानाला टोचल्या. आपण गाणं म्हणतो, म्हणून तुझ्या तोंडून 'से अ साँग' निघून जातं. तिथे 'सिंग'च हवं. आणि 'आय एम लर्निंग सिन्स थ्री इयर्स' हे तर अख्ख्या मुंबईचं लाडकं वाक्य आहे. 'आय हॅव बीन लर्निंग फॉर थ्री इयर्स' हे इतक्यांदा मोठ्याने म्हण की जिभेलाच दुसरं नको वाटेल.

आता कार्ड. समजा त्यावर आलं, लोक एकत्र गातात असा एखादा प्रसंग सांगा. तू लगेच ट्रेनकडे वळशील, पण ती पहिल्या भागात वापरून झालेली असेल तर मामाकडचा लालबागचा गणपती काढ. मिळालेल्या मिनिटात पूर्ण वाक्यं लिहीत बसू नकोस. ती अर्ध्यात तुटतात आणि मग कागद वाचायचा मोह होतो. नुसते शब्द लिही: चाळ, जिना, लांब श्वास, धाकटा मामा, खोबरं.

या शब्दांतून काय काय निघतं ते बघ. आरती म्हणजे काय ते एका वाक्यात, 'अ प्रेयर वी सिंग टुगेदर, स्टँडिंग अँड क्लॅपिंग'. मग दरवर्षी काय होतं ते: खोलीत जागा नाही म्हणून निम्मी माणसं जिन्यावर उभी राहून गातात. इथपर्यंत साधा वर्तमानकाळ. मग एक ठरावीक संध्याकाळ धर. विठ्ठलाच्या आरतीत ती एक ओळ येते, जिच्यावर सगळे श्वास ओढून धरतात आणि कोण शेवटपर्यंत टिकतं याची चुरस लागते. त्या वर्षी धाकट्या मामाचा चेहरा लाल झाला, मानेची शीर फुगली, आणि नेमकं त्याच क्षणी त्याला ठसका लागला. टाळ्या थांबल्या, आजीसुद्धा हसली. हा सगळा भूतकाळ, आणि तो सरसर येतो कारण तू तिथे होतीस. शेवटी, परदेशी गेलीस तर यातलं काय चुकेल ते सांग, म्हणजे जर-तरचं वाक्यही आलं. व्याकरणात विविधता दाखवायची म्हणतात ती एवढीच. वर्तमान, भूत, जर-तर असा माणूस आठवणीत फिरला की ती आपोआप येते. दोन मिनिटं झाली की परीक्षक स्वतःच थांबवतो. वाक्य अर्धवट राहिलं म्हणून हिरमुसू नकोस.

आणि गाऊन दाखवू नकोस! हौशी मंडळी दोन ओळी म्हणून दाखवतात. त्याला एक गुण नाही, बोलण्याची वीस सेकंदं मात्र जातात.

तिसऱ्या भागात मत लागतं, आणि तुझ्याकडे ते आहे. 'सार्वजनिक ठिकाणी लोकांनी गावं का?' असं विचारलं तर संस्कृती, परंपरा यांवर घसरू नकोस. तुझ्याच डब्यात एकीला भजन हवं असतं आणि रात्रपाळी करून घरी निघालेल्या दुसरीला झोप. तूही रात्रपाळी केली आहेस, दोन्ही बाजू तुला ठाऊक आहेत. खिडकीला डोकं टेकलेली बाई दिसली की तुमच्या त्या काकू टाळ मिटून नुसत्या टाळ्यांवर येतात, हे तूच सांगितलंस ना? ते उदाहरण दे. शिवाय आपल्याकडे रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला बंदी आहे आणि सणांसाठी सरकार वर्षातले मोजके दिवस १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, हेही मुद्द्याला धरून आहे. आधी मत, मग कारण, मग उदाहरण, आणि एखादं 'ऑन द अदर हँड' खरोखर दुसरी बाजू मांडायची असेल तेव्हाच.

माहिती अजिबातच नको असं मी म्हणत नाही. १९७७ साली नासाने व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे. मुंबईत राहून गायलेल्या बाईचा आवाज सूर्यमालेतल्या ग्रहांच्याही पलीकडे गेलाय, हे मला आजही भारी वाटतं. जुनी गाणी जपावीत का, असा प्रश्न आला तर एका वाक्यात जरूर सांग आणि लगेच आपल्या मतावर परत ये. तिथे रेंगाळलीस की पुन्हा निबंध सुरू.

उच्चारांबद्दल तू उगीच जीव खातेस. क्लासमधल्या त्या मुलासारखं 'वॉटर'चं 'वॉडर' करायची गरज नाही. मराठी वळण असल्याचे गुण कापत नाहीत, ऐकणाऱ्याला शब्द कळेनासा झाला तर कापतात. तुझा 'व्हर्स' मला 'वर्स' ऐकू येतो, म्हणजे गाण्याचं दुसरं कडवं सांगायला जातेस आणि ते आणखी वाईट होतं! वरचे दात खालच्या ओठाला टेकव आणि मग म्हण. दुसरं म्हणजे आघात. आपण मराठीत सगळी अक्षरं साधारण सारख्या जोराने म्हणतो, इंग्रजीत एका अक्षरावर वजन पडतं. टाळ वाजवणारीला सम कुठे पडते ते सांगावं लागत नाही, तसा शब्दात तो ठोका शोध. 'म्युझिशियन'मध्ये तो 'झि'वर आहे, 'मेलडी'त पहिल्या अक्षरावर. 'रेकॉर्ड' नाम असेल तर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्या.

प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचार, त्यात कमीपणा नाही. चुकलीस तर एकदा सुधार आणि पुढे जा, तेच वाक्य तीनदा घासू नकोस. पासपोर्ट न्यायला विसरू नकोस, फॉर्म भरताना ज्याचा नंबर दिलास तोच.

शुक्रवारपर्यंत मला दोन रेकॉर्डिंग पाठव. एक 'तुला गायला आवडतं का' यावर, वीस सेकंदांच्या आत. दुसरं धाकट्या मामाच्या ठसक्याचं, पूर्ण दोन मिनिटं, कागद न बघता. कपाळावर झेंडू बाम चोळून, दमलेल्या आवाजात केलंस तरी चालेल, मला मुद्दाम तसंच ऐकायचंय. आईला सांग, डबा माझ्याकडेच राहिलाय, रविवारी घेऊन येते.

तुझी,
मावशी