स्टेजवर हात थरथरतात त्याबद्दल
भावा, कोल्हापूरच्या शाहू स्मारकच्या सभागृहात पहिल्यांदाच बोलणार आहेस तर एक ऐक, हात थरथरणं, तोंडाला कोरड पडणं हे ॲड्रेनॅलिनमुळं, म्हणजे घाबरल्यावर अंगात सुटणाऱ्या हार्मोनमुळं होतंय, तुझी तयारी कमी आहे म्हणून न्हवं. ते दाबायच्या नादाला लागलास की आणि वाढतंय. हातात पातळ कागद धरू नको, त्याची फडफड लांबनं दिसते, जाड कार्ड घे आणि माईक स्टँडलाच राहू दे. नाव पुकारायच्या आधी श्वास सावकाश, लांबवून बाहेर सोड, चार-पाच वेळा, त्यानं ठोके खरंच मंदावतात. कडक चहा मात्र भाषण झाल्यावरच, बाहेर दसरा चौकात कुणी कितीबी आग्रह केला तरी. आणि पहिली दोन वाक्यंच पाठ कर, सगळं भाषण नको, पाठ केलेल्यातला एक शब्द निसटला की माणूस तिथंच अडकतोय बघ.