आरसीएसमधून मोबाइल कंपन्यांना काय मिळणार? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे मोबाइल कंपन्यांचे शेअर आहेत. आरसीएसमुळे एसएमएसचं बुडालेलं उत्पन्न परत येईल का? (ठाणे)

मित्रमंडळींच्या गप्पांतून तरी नाही. तो धंदा व्हॉट्सअ‍ॅपकडे गेला तो गेलाच. आरसीएस ही एसएमएसची पुढची पिढी. फोनच्या नेहमीच्या मेसेज अ‍ॅपमध्येच फोटो, व्हिडिओ, बटणं येतात, पण इंटरनेटवरून. कल्पना २००७ची, सगळ्या कंपन्यांसाठी एकच नियमावली मात्र २०१६मध्ये आली. तोवर लोकांच्या सवयी पक्क्या झाल्या होत्या. अमेरिकेतल्या चार मोठ्या कंपन्यांनी २०१९मध्ये मिळून अ‍ॅप काढायचं जाहीर केलं आणि २०२१मध्ये ते गुंडाळलं. २०२४मध्ये आयफोनवर आरसीएस आलं, तेव्हा एक मोठा अडसर दूर झाला. खरी कमाई आहे ती बँका, विमान कंपन्या, दुकानं यांच्या संदेशांत. पण तिथेही वाटेकरी आहे : २०१५मध्ये जाइब ही कंपनी विकत घेतल्यापासून गूगलनं या सेवेची यंत्रणा बऱ्याच ठिकाणी आपल्याकडे घेतली आहे. त्यामुळे शेअर घेताना एवढ्या एका गोष्टीवर भिस्त ठेवू नका.

प्रश्न : आमचं पैठणीचं दुकान आहे. गिऱ्हाइकांना मराठीतून एसएमएस पाठवतो, खर्च फार येतो. आरसीएस परवडेल? (येवला)

तुमचा खर्च वाढतो तो देवनागरीमुळे. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०. त्यातही मात्रा, वेलांटी, पायमोडका हलन्त असं सगळं वेगळं मोजलं जातं. नुसत्या ‘श्री’चीच चार होतात! मजकूर ७०च्या वर गेला की एकाचे दोन एसएमएस आणि पैसे दुप्पट. आरसीएसमध्ये ही कोंडी नाही. शिवाय पदराचा फोटो दाखवता येतो, दुकानाचं नाव पडताळणीच्या खुणेसह दिसतं. मराठी व्यापाऱ्यांनी याकडे गांभीर्याने पाहावं असं मला मनापासून वाटतं. मात्र साध्या फोनवर आरसीएस पोचत नाही. तेव्हा आधी निवडक गिऱ्हाइकांना पाठवून बघा, आणि संदेश न पोचल्यास एसएमएस जाईल अशी सोय पुरवठादाराकडून करून घ्या. दर लेखी मागा.

प्रश्न : म्हणजे जाहिरातींचा भडिमार आणखी वाढणार? (कोल्हापूर)

भीती रास्त आहे. तक्रारी इतक्या झाल्या की जून २०२२मध्ये गूगलला भारतात आरसीएसवरच्या जाहिराती थांबवाव्या लागल्या होत्या. धंद्याच्या एसएमएससाठी ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा नमुना आधी नोंदवावा लागतो. आरसीएसलाही तितकीच कडक शिस्त हवी. लोकांनी वैतागून सेवाच बंद केली, तर कंपन्या विकणार काय? तोवर नको असलेला पाठवणारा ब्लॉक करा आणि स्पॅम म्हणून कळवा.