पहिल्या प्रयोगाआधी
पाठांतराची काळजी सोड, ते तालमीत होतंच. प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात हाताळायच्या वस्तू, मात्र स्वतः तपास, बॅकस्टेजवाल्यावर टाकू नकोस. पुरुषोत्तम करंडकाला, म्हणजे पुण्यातल्या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला, भरत नाट्य मंदिरात माझं पत्र विंगेतच राहिलं. खिसा चाचपला तर हाती लागलं पीएमटी बसचं तिकीट! तेच तळहातात धरून आईचं पत्र म्हणून वाचलं. प्रेक्षकांना पत्ता लागला नाही. समोरच्या नटाला मात्र हसू आवरेना, तो प्रवेश संपेपर्यंत पाठमोराच. १९६३ पासूनच्या त्या स्पर्धेचं पब्लिक तिखट, अडखळलास की आरोळी आलीच. आणि हशा आला की थांब. तो ओसरायला लागला की पुढचं वाक्य टाक, पूर्ण विरायची वाट बघू नकोस. हे मला तिसऱ्या वर्षी उमगलं. मेकअपनंतर वडापाव नको, मिशी सुटते.